खोलीतले विमान आणि शनिवारची मुले

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात मंडळीतील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. अनेकांनी मागणी केल्यावरून येथे छापत आहोत.)



मी भाषण करणारा माणूस नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी पस्तीस वर्षे टर्नर म्हणून लेथवर काम केले. आज इथे उभा आहे तो एका प्रश्नामुळे. दोन महिन्यांपूर्वी उपासना सुटल्यावर एका बंधूंनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, “वसतिगृहाची मुलं दर शनिवारी तुमच्या घरी विमान-विमान खेळायला येतात म्हणे. ज्यांच्या पाड्यावर पावसाळ्यात एसटी पोचत नाही, त्यांना विमानाची स्वप्नं दाखवायची कशाला?” त्यांनी हे रागाने विचारले नाही, काळजीने विचारले. मी तिथे नीट उत्तर देऊ शकलो नाही. बाई म्हणाल्या, “मेळाव्यात सगळ्यांसमोरच सांगा.” म्हणून सांगतो.

आधी हिशोब देतो, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहायला नको. या कामात मिशनचा एक रुपयाही गेलेला नाही. पाच वर्षांत माझ्या निवृत्तीच्या पैशांतले साधारण सव्वीस हजार रुपये गेले. त्यात एक जुना संगणक आहे आणि एक वापरलेला टीव्ही आहे. बाकी बहुतेक सामान भंगारवाल्याकडचे.

आता ते विमान म्हणजे काय ते सांगतो. ते उडत नाही. माझ्या मुलाची दहा बाय दहाची खोली रिकामी होती. तिथे मी सेसना १७२ नावाच्या लहान विमानाच्या पुढच्या भागाची नक्कल उभी केली आहे. चार माणसांचे, एका इंजिनाचे हे विमान १९५६ पासून बनते आहे आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. जगात इतकी दुसऱ्या कोणत्याही जातीची विमाने झाली नाहीत. कितीतरी देशांत नवे वैमानिक यावरच शिकतात. म्हणून मीही हेच निवडले. समोर टीव्हीवर बाहेरचा देखावा दिसतो. हातात सुकाणू, पायाखाली पेडल, उजव्या हाताला इंजिनाचा दांडा. संगणकात फ्लाइटगिअर नावाची प्रणाली आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी १९९०च्या दशकापासून ती बनवत आणली आहे आणि ती फुकट मिळते. वारा, वजन, पंखांचा कोन यांचे गणित ती करते.

ही आवड कुठून आली तेही सांगायला हवे, कारण पुढे त्याचा संबंध येतो. १९८१ साली मी हवाई दलाच्या भरतीला गेलो होतो. लेखी परीक्षा पास झालो. मग डोळे तपासणाऱ्यांनी एक पुस्तक समोर धरले. पानावर रंगीत ठिपके, आणि त्या ठिपक्यांत आकडा ओळखायचा. मला आकडा दिसलाच नाही. तांबडा आणि हिरवा मला नीट वेगळे दिसत नाहीत हे मला त्या दिवशी कळले. तोवर घरात कोणाला ठाऊक नव्हते. परत येताना गाडीत मी वडिलांना काय सांगायचे याचाच विचार करत होतो. मग कारखाना, संसार, मुले. २०२० साली निवृत्त झालो आणि लगेच टाळेबंदी लागली. हातांना काम नव्हते. एका दुपारी माळ्यावरचा प्लायवूडचा तुकडा खाली काढला आणि त्यात पहिले गोल भोक पाडले.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारपणीचा खेळ झाला. खरे आहे. पण विमान शिकवणाऱ्या यंत्राची सुरुवातच एका खेळण्यासारख्या पेटीने झाली आहे, आणि ती गोष्ट आपल्या मंडळीला आवडेल अशी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन नावाच्या गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्यांचा मुलगा एडविन लिंक याला विमान शिकायचे वेड, पण शिकवणीचे पैसे फार. ऑर्गनमध्ये हवेचे भाते असतात, झडपा असतात. आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसाच भाता. त्याने वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात दीडेक वर्ष खपून, त्याच भात्यांवर आणि झडपांवर डोलणारी एक छोटी पेटी बनवली. दांडा डावीकडे नेला की एका बाजूच्या भात्यातली हवा कमी व्हायची आणि पेटी तिकडे कलायची. हे १९२९ साल. त्याच वर्षी फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना आपल्या देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

लिंकची पेटी पहिल्यांदा विकत घेतली ती जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांनी. लोक नाणे टाकून त्यात बसायचे. मग १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम आले. रात्री, धुक्यात, बर्फात, नुसत्या यंत्रांकडे बघून उडायची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांत अनेक तरुण मेले. लष्कराचे अधिकारी लिंकची पेटी बघायला नेवार्कला जमले, पण त्या दिवशी हवा इतकी वाईट की हा काही येत नाही असे त्यांना वाटले. लिंक त्याच हवेतून यंत्रांच्या आधारे विमान चालवत येऊन उतरला. लष्कराने सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे दहा हजार पेट्या झाल्या आणि पाच लाखांच्या आसपास माणसे त्यांत बसून शिकली. ऑर्गनच्या भात्याने किती जीव वाचवले असतील, मोजता येणार नाही.

माझ्याकडे भाते नव्हते. त्यांच्या जागी आर्डुइनो आहे. हा तळहाताहून लहान छापील पट्टा असतो. इटलीत इव्रेया या गावी काही शिक्षकांनी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तो तयार केला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला. म्हणूनच आज आपल्याकडे त्याची साधी नक्कल चारपाचशे रुपयांत मिळते. त्याला संगणकावरून सूचना लिहून द्यायच्या. एखादे बटण दाबले गेले का, दांडा किती पुढे गेला, हे तो बघतो आणि संगणकाला कळवतो. त्यातला एक प्रकार असा आहे की तो जोडला की संगणकाला वाटते, कोणी खेळाचा दांडाच लावला. मी तोच वापरला.

सुकाणू अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे आहे. त्याचे बुश मी ओळखीच्या लेथवर कातले. ती नळी टेबलाच्या ड्रॉवरच्या चॅनेलवर पुढेमागे सरकते. हात सोडला की मध्यावर यावे म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या आहेत. आसन एका मोडीत निघालेल्या गाडीचे आहे. समोर सहा मुख्य घड्याळे लागतात: वेग, उंची, कल, दिशा, वळण आणि चढउतार. एकेक घड्याळ मोटर लावून बनवायचे तर वर्षे जातील. म्हणून प्लायवूडमध्ये ८० मिलिमीटरची सहा भोके पाडली आणि मागे एक जुना १९ इंची मॉनिटर उभा केला. भोकातून बघितले की काटे खरेच वाटतात. चढउताराचे एकच घड्याळ पुढे मुलांनी खऱ्या काट्याचे केले.

मुले कशी आली? २०२२च्या जूनमध्ये बाईंनी वसतिगृहातले एक लोखंडी कपाट दुरुस्त करायला मला बोलावले. दोन मुले हाताशी दिली. काम करता करता मी बोलून गेलो की घरी असे असे केले आहे. पुढच्या शनिवारी बाई चार मुलांना घेऊन दारात हजर. सुरगाणा आणि पेठकडच्या पाड्यांवरची मुले. ओझरच्या कारखान्यातली लढाऊ विमाने त्यांच्या डोक्यावरून जाताना त्यांनी पाहिली होती, पण विमानाच्या आत काय असते ते कोणी दाखवले नव्हते. पहिले दोन शनिवार नुसती झुंबड होती. तिसऱ्या शनिवारी मी नियम केला: जो तास चालवेल, तो त्याआधी तासभर काम करील.

आणि इथून मला त्यांची गरज लागू लागली. तुम्हाला आठवत असेल, मला रंग दिसत नाहीत. रेझिस्टर म्हणजे विजेचा प्रवाह रोखणारा तांदळापेक्षा थोडा मोठा तुकडा. त्याची किंमत त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात. लाल, लाल, तपकिरी म्हणजे २२० ओहम. लाल, लाल, नारिंगी म्हणजे २२ हजार. माझ्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. मीटर लावून बघायचा मी एकदा कंटाळा केला आणि सगळ्या दिव्यांना २२ हजारवाले जोडून बसलो. दिवे लागेनात. दोन दिवस मी तारा तपासत होतो. सातवीतल्या एका मुलाने वाटीत डोकावून विचारले, “सर, तुम्ही सांगितलं होतं तपकिरी, मग हे नारिंगी का लावलंत?” त्या दिवसापासून रेझिस्टर वाचायचे काम मुलांकडे आहे. माझी अडचण मी त्यांना सांगितली. कोणी हसले नाही. एकाने बारा डब्यांवर मोठ्या अक्षरात आकडे लिहून मला रांगेत लावून दिले.

चुका फक्त रंगाच्या नव्हत्या. इंजिनाच्या दांड्याखाली फिरता रेझिस्टर असतो, रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसा. मी पैसे वाचवायला जुन्या रेडिओतलाच काढून लावला. दांडा पूर्ण मागे असला की आकडा शून्य, पूर्ण पुढे १०२३. मग निम्म्यावर ५१२च्या आसपास यायला हवा. आमचा दीडशेच्या आसपास यायचा आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उसळायचा. मुलांना मी आलेख काढायला लावला. एका बाजूला दांड्याचे अंश, दुसऱ्या बाजूला आकडा. रेघ सरळ न येता पोळ्याच्या बैलाच्या शिंगासारखी वर वळली. तेव्हा उलगडा झाला. आपल्या कानाला आवाज हळूहळू वाढतो असे वाटावे म्हणून रेडिओतला तुकडा मुद्दाम तसा वाकडा बनवलेला असतो. विमानाला सरळ वाढणारा लागतो. तीस रुपयांचा नवा आणला आणि काम झाले. नववीतली मुले आलेख परीक्षेसाठी काढतात. या आलेखाने त्यांना दोष सापडून दिला.

फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा. त्यांचे बटण एकदा दाबले की दहा अंश खाली यायला हवे, ते वीसवर जायचे. कारण बटणाच्या आतली पत्री दाबल्यावर काही सहस्रांश सेकंद थरथरते आणि आर्डुइनोला ते दोनदा दाबल्यासारखे वाटते. एकदा दाबल्याचे कळले की थोडे थांब, मग पुन्हा बघ, अशी दोन ओळींची सूचना लिहिली आणि ते थांबले.

पण मला सगळ्यात जास्त शिकवले ते एका मुलीने. तेव्हा ती नववीत होती. फार बोलायची नाही. आम्ही टेबलावर लॅपटॉप ठेवून एक नवे बटण जोडत होतो. बटण दाबले की दिवा लागायचा, पण न दाबताही तो मध्येच लुकलुकायचा. मुले म्हणाली, यात भूत आहे. मी म्हणालो, तार सैल असेल. ती म्हणाली, “सर, हात जवळ नेला की लागतो.” मी लक्ष दिले नाही. पुढच्या शनिवारी ती वही घेऊन आली. मागच्या वेळचे सगळे तिने लिहून ठेवले होते. हात जवळ नेला: लागतो. दुसऱ्या मुलाचा हात: लागतो. लाकडी पट्टी: लागत नाही. खाली एक प्रश्न: “माणसाच्या अंगातून वीज येते का?”

त्याच शनिवारी दुपारी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. तिने हात जवळ नेला. दिवा लागला नाही. तिने तेही लिहिले. वीज आल्यावर पुन्हा लागू लागला.

मंडळींनो, मी ते पान घेऊन रात्री बराच वेळ बसलो. वीज तिच्या अंगातून येत नव्हती. घराच्या भिंतींतून जाणाऱ्या तारांत वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. तिचा सूक्ष्म परिणाम आपल्या अंगावर उमटतो आणि हात जवळ नेला की तो तारेवर जातो. बटण मोकळे असताना आर्डुइनोचा तो पाय कशालाच बांधलेला नव्हता, लोंबकळत होता. अशा लोंबकळत्या पायाला जे जवळ येईल ते खरे वाटते. त्याला आतूनच रेझिस्टरने पाच व्होल्टशी बांधून ठेवायची सूचना असते आणि बटण दाबले की तो जमिनीच्या तारेला मिळतो. एका ओळीची ती सूचना मी विसरलो होतो. ओळ लिहिली आणि भूत गेले. पण तिने काय केले ते बघा. भूत म्हटले नाही, सैल तार म्हटले नाही. एक गोष्ट बदलली, बाकी तशीच ठेवली आणि काय झाले ते लिहिले. हे मला साठाव्या वर्षी नीट कळले.

आता त्या बंधूंच्या प्रश्नाकडे येतो. कारण इथवर मी चांगले चांगलेच सांगितले.

या मुलांत एक दहावीतला मुलगा होता. सगळ्यांत उत्तम चालवायचा. सेसनाचे नाक धावपट्टीवरून ५५ नॉटला उचलायचे असते, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटरला. त्याचा काटा कधी चुकायचा नाही. ओझरहून उडायचा, उत्तरेला वणीकडे, सप्तशृंगीच्या डोंगराला वळसा घालून सुरगाण्याकडे. संगणकात डोंगरांच्या उंच्या आहेत, त्यामुळे डोंगर ओळखू येतात. त्याचा पाडा मात्र त्यात नाही, नुसता हिरवा रंग आहे. तरी तो तिथे दोन घिरट्या घालून परत यायचा.

एका शनिवारी त्याने मला एक छोटी वही दाखवली. दर वेळी तो किती मिनिटे चालवतो ते त्याने दीड वर्ष लिहिले होते. बेरीज एकतीस तास. तो म्हणाला, “सर, पायलटला दोनशे तास लागतात ना? माझे एकशे एकोणसत्तर राहिले.”

दोनशेचा आकडा खरा आहे. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. पण ते खऱ्या विमानातले. माझ्या खोलीतले एकतीस तास तिथे शून्य. घरच्या यंत्राला कोणाची मान्यता नसते. आणि खऱ्या दोनशे तासांना लाखो रुपये लागतात, वैद्यकीय तपासणी लागते, इंग्रजी लागते. हे सगळे मी त्याला त्याच दिवशी सांगितले. त्याने ऐकले, वही खिशात ठेवली आणि गेला. पुढचे तीन शनिवार तो आला नाही.

चौथ्या शनिवारी मी वसतिगृहावर गेलो. तो आवारात पाण्याची टाकी धूत होता. मी त्याला १९८१ची गोष्ट सांगितली, ठिपक्यांच्या पुस्तकाची. वाटले, त्याला बरे वाटेल. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी खोटे बोललो नव्हतो. पण त्याच्या डोळ्यांतला आनंद बघून मला बरे वाटत होते आणि म्हणून मी विषय काढला नव्हता. ज्या बंधूंनी मला प्रश्न विचारला त्यांना मी आज सांगतो, तुमची काळजी रास्त होती. एका मुलाच्या बाबतीत माझ्या हातून ते घडले आहे. मी त्या मुलाची माफी मागितली.

घरी येऊन मी एक पाटी रंगवली आणि खोलीच्या दारावर लावली. आता येणारे प्रत्येक मूल आधी ती मोठ्याने वाचते. त्यावर लिहिले आहे: “हे विमान नाही. इथले तास मोजले जात नाहीत. इथे काम शिकायला मिळते.” पहिल्याच दिवशी मी मुलांना बसवून सांगतो की या पेटीत काय कळत नाही. पोटात येणारा गोळा इथे नाही. वाऱ्याचा धक्का नाही. चुकलो तर पुन्हा सुरू करायचे बटण आहे, आकाशात ते नसते. उलट नुसत्या काट्यांकडे बघत राहायची सवय लागते, आणि खऱ्या विमानात सुरुवातीला बाहेर बघायचे असते. काय कळते तेही सांगतो. कोणता काटा काय म्हणतो, एकामागून एक ते कसे वाचायचे, उडण्याआधीची यादी न चुकता कशी म्हणायची. आणि वैमानिक व्हायचेच असेल तर कोणते विषय घ्यावे लागतात, किती पैसे लागतात, डोळे आधी कसे तपासून घ्यावेत. कोणी तरी मला सतराव्या वर्षी ते शेवटचे सांगायला हवे होते.

मग स्वप्ने दाखवायची कशाला? माझे उत्तर असे आहे. एका विमानाला वैमानिक एक किंवा दोन असतात. जमिनीवर त्याच्यासाठी कितीतरी हात लागतात. तारा ओढणारे, यंत्रे तपासणारे, पत्रा कापणारे, दोष शोधणारे. हे सगळे हात कुठून तरी येतात. डोंगराळ भागात औषधे आणि आजारी माणसे वाहून नेणारी मिशनची विमाने तुम्ही ऐकून असाल. १९४५ पासून मिशन एव्हिएशन फेलोशिप ते काम करते आहे. तिथेही वैमानिकाइतकाच मेकॅनिक लागतो. त्याच्या एका घट्ट आवळलेल्या बोल्टवर वैमानिकाचा आणि रुग्णाचा जीव असतो. आमच्या खोलीत मुले विमान बघून येतात, पण हातात घेतात ते डाखणी, मीटर आणि वही. एखाद्या मुलीला कळले की ज्याला सगळे भूत म्हणतात त्याचे कारण शोधता येते, तर ते शिक्षण तिच्या पाड्यावरही उपयोगी पडेल. तिथे हातपंप बिघडतो, सौरदिवा बंद पडतो, मोटर जळते. शहरातून माणूस यायला महिना लागतो.

तो मुलगा परत आला. स्वतःहून आला, पाटी वाचली आणि आसनावर न बसता टेबलापाशी बसला. चढउताराच्या घड्याळाचा खरा काटा त्याने बनवला. काटा फिरवणाऱ्या मोटरला वेगळा पुरवठा दिला होता आणि काटा नुसता थरथरत होता. दोन्ही पुरवठ्यांची ऋण तार एकत्र जोडली पाहिजे हे त्याने शोधून काढले. आज तो आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या वर्गात आहे. ओझरच्या कारखान्यात आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात, तिथे तो अर्ज करणार आहे. मिळेलच असे मी त्याला सांगितलेले नाही, तुम्हालाही सांगत नाही. आपण प्रार्थना करू. ती मुलगी अकरावी विज्ञानला आहे आणि खालच्या वर्गातल्या मुलांना तीच आता जोडणी शिकवते. चौघांतली दोन मुले मध्येच यायची थांबली. एकाला घरी शेतीला जावे लागले. तेही सांगायला हवे.

तुमच्यापैकी कोणाला आपल्या गावात असे काही करायचे असेल तर तीन गोष्टी सांगतो. विमानापासून सुरुवात करू नका. एक बटण आणि एक दिवा यापासून करा. घरातल्या २३० व्होल्टला मुलांचा हात लागू देऊ नका. आमचे सगळे काम पाच व्होल्टवर चालते आणि बंद अडॉप्टरच्या पलीकडे कोणी जात नाही. आणि प्रत्येक मुलाला वही द्या. यंत्र मोडले तरी चालेल, वही जपली पाहिजे.

पैसे मागायला मी उभा नाही. पण तुमच्या माळ्यावर बंद पडलेला मॉनिटर, जुना रेडिओ, तुटलेला प्रिंटर, शिलाई मशीनचे चाक असेल तर ते भंगारात घालण्याआधी बाईंना कळवा. प्रिंटरच्या पोटात चांगल्या मोटरी आणि गुळगुळीत दांडे असतात. आम्हाला आता पायांची पेडले नव्याने करायची आहेत, जुनी करकरतात.

आणि ज्या बंधूंनी मला प्रश्न विचारला, त्यांना शनिवारी चार वाजता माझ्या घरी यायचे आमंत्रण आहे. दारावरची पाटी आधी वाचावी लागेल. मग मुले तुम्हाला आधी तासभर काम देतील, मगच आसनावर बसू देतील. नियम सगळ्यांना सारखा आहे.